खांड: नानांच्या सॅक्सोफोनला मिळालेलं नाव

माझ्या सासऱ्यांनी माझी वरात अर्ध्यात मोडली.

आणि त्या दिवशी पेणच्या बँडवाल्यांना एक नवा शब्द मिळाला.

आज सकाळी नाना गेले. बाहेरच्यांचे हिराजी मास्तर. पेणच्या एका ब्रास बँडमध्ये उभा जन्म सॅक्सोफोन फुंकला. नोटेशन येत नव्हतं. गाणं दोनदा ऐकलं की बोटांत.

मी रोह्याची. वीसेक वर्षांपूर्वी आमचं लग्न रोह्याला लागलं आणि दुपारी वऱ्हाड नानांच्या खाडीकाठच्या गावी निघालं. शेवटचा रस्ता बांधावरचा, पायवाटेचा. गाडी मागे ठेवून आम्ही चालत होतो. पुढे बँड, बँडच्या पुढे स्वतः नाना.

लोकांनी सांगून पाहिलं होतं, आज तरी वाजवू नका. नाना म्हणाले, "माझ्या पोराच्या वरातीत दुसरा कोन फुकनार?"

एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला गावाची भातशेती. उधाणाची भरती.

मधेच सॅक्सोफोन थांबला.

पुढे बांध फुटला होता. दाराएवढी फट, आणि त्यातून समुद्र आत. आमच्याकडे या फटीला खांड म्हणतात; बांध फुटला की म्हणायचं, "खांड गेली." वेळेत बुजवली नाही तर ती रुंदावत जाते, आणि खारं पाणी जमिनीत मुरलं की भाताचं नाव काही वर्षं काढायचं नाही.

खांडीच्या अलीकडे आम्ही. पलीकडे गाव. आणि गाव सगळं मांडवात, स्पीकर लावून आमची वाट बघत. बँडची पोरं जीव तोडून ओरडली. कोणाला ऐकू गेलं नाही.

नाना बांधाच्या उंचवट्यावर चढले. सॅक्सोफोनचं तोंड गावाकडे केलं. आणि जे वाजवलं, ते मी जन्मात ऐकलं नव्हतं.

गाणं नाही. चाल नाही. तोंडाशी असलेली रीडची पातळ पट्टी दातांत धरून फुंकत होते, फुंकता फुंकता घशातून ओरडत होते. एका नळीतून दोन-दोन आवाज, एक घोगरा, एक किंचाळणारा.



सासूबाई मांडवात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या नंतर सांगायच्या, लोक आधी हसले. कोणीतरी म्हणालं, "मास्तर पोराच्या लग्नात पिऊन आलाय."

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "ह्यो सूर नाय गो. ह्यो हाक मारतंय."

मग गाव धावलं.

मांडवाचे बांबू उपटून आणले. पेंढा आणला, गोणी आणल्या. पुरुष पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आमच्या बाजूने बँडची पोरं ढोल ठेवून चिखल काढायला लागली. मीसुद्धा. शालू कंबरेला खोचून, गुडघाभर चिखलात, हातोहात ढेकळं पुढे देत होते.

नाना शेवटचा माणूस येईपर्यंत थांबले नाहीत. ओठ फाटून शर्टावर रक्त आलं होतं.

खांड बुजली. शेतं वाचली.

पुढच्या गणपतीत पेणला विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणीतरी ओरडलं, "मास्तर, ती खांड होऊन जाऊ द्या!"

नाना चिडले. "गमतीचा आवाज हाय काय त्यो?"

पण तो आवाज त्यांना सोडेना. रोज संध्याकाळी बांधावर जाऊन ते तो शोधत बसायचे. कुठली बोटं अर्धी दाबायची, घसा कधी लावायचा. बँडच्या मालकाला ते पटत नव्हतं. गिऱ्हाईकाला सिनेमाची गाणी हवी असतात. नाना गाणी वाजवायचे, आणि एखाद्या दिवशी गाण्याच्या मधेच तो आवाज फुटायचा. नाचणारे थांबून बघत राहायचे. बँडवाले एकमेकांना हळूच म्हणायचे, "खांड गेली."

बँडच्या वहीत हा शब्द नाही. पण पेणपासून कोलाडपर्यंत कुठल्याही जुन्या वाजवणाऱ्याला विचारा.

मध्यंतरी मुंबईची एक मुलगी रेकॉर्डिंग करायला आली होती, संगीत शिकणारी. तिने नानांना सांगितलं, "अमेरिकेत असं वाजवतात, काका. त्याला स्क्रॉंक म्हणतात."

"म्हंजे काय?"

"तसा अर्थ नाही. आवाज तसा येतो म्हणून तो शब्द."

नानांनी मान हलवली. मग म्हणाले, "आमच्या शब्दाला अर्थ हाय, बाय. जिथून समुद्र आत येतो, ती जागा."

ती लिहायची थांबली. मीही चहाचे कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. या माणसाला मी रोज जेवायला वाढत होते.

शेवटचं वर्षभर दम्याने फुंकणं बंद होतं. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी त्यांना विचारलं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"नाना, त्या दिवशी असं वेडंवाकडं वाजवायचं सुचलं कसं?"

मास्क जरा बाजूला केला त्यांनी.

"सुरात वाजवलं असतं तं लोक नाचले असते गो."

नाना, तुमच्या सुनेचा तुम्हाला वाकून नमस्कार. आता निवांत पडा.