'निवासी' शब्दाचा घोळ

माझ्या कामाला मराठीत धड नाव नाही. कार्डावर 'धोरण सल्लागार' छापलंय. सासूबाई शेजारी सांगतात, "मंत्रालयात असते." आमचा इस्त्रीवाला माझे फाइलींचे गठ्ठे बघून मला इस्टेट एजंट समजतो आणि दर दिवाळीला वन बीएचकेचा भाव विचारतो. लोकांना वाटतं मी पाकिटं पोचवते. मी पोचवते ते कागद. एखादा कायदा किंवा अर्थसंकल्प तयार होत असताना ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार, त्यांचं म्हणणं योग्य टेबलावर, योग्य आठवड्यात आणि एका पानात ठेवायचं. दुसरं पान कोणी उलटत नाही, हे मी पहिल्या दोन वर्षांत शिकले.

माझे नेहमीचे क्लायंट म्हणजे तळोज्यातले छोटे कारखानदार. पाणी, वीज, परवाने. पाळणाघरांचं काम आलं ते त्यांच्याचमुळे. राज्यभरातल्या पाळणाघरांसाठी नवा कायदा येणार होता, मसुदा जाहीर झाला होता, हरकती-सूचनांसाठी एक महिना होता. कारखानदारांच्या संघटनेतल्या एकाने फोन केला, "मॅडम, आमच्याकडे दुपारच्या पाळीला बायका येतात त्या रोडपालीच्या एका बाईंच्या जिवावर. त्यांचं काहीतरी अडलंय. बघा जरा."

त्या बाई म्हणजे आत्या. मुलं आत्या म्हणायची म्हणून त्यांच्या आयाही आत्या म्हणायच्या, आणि दुसऱ्या भेटीत मीही म्हणू लागले. रोडपालीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, नवरा वारलेला, मुलगी बी.एस्सी.ला. बाहेरच्या खोलीत मुलं, आतल्या खोलीत त्या आणि मुलगी. सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीची मुलं यायची, तीन-साडेतीनला जायची. दुपारच्या पाळीची मुलं दोनला यायची आणि आई बसमधून उतरेपर्यंत, म्हणजे रात्री साडेअकरापर्यंत, चटईवर झोपलेली असायची.

मला पहिल्याच दिवशी आवडला तो त्यांच्या फ्रिजवरचा तक्ता. मुलीने नावं लिहिली होती आणि प्रत्येक नावापुढे आत्यांनी टिकली लावली होती. लाल म्हणजे सकाळची पाळी, हिरवी म्हणजे दुपारची. कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलते, म्हणून रविवारी टिकल्या बदलायच्या. मी डायरीत याद्या करणारी बाई. मला त्या तक्त्यात माझं माणूस दिसलं.

"यात काय हाय बघा," म्हणत त्यांनी मसुद्याची झेरॉक्स पुढे केली. कुणीतरी एका वाक्याखाली पेनाने रेघ मारली होती: कोणत्याही व्यक्तीस निवासी पाळणाघर चालवता येणार नाही.

"माजं पाळणाघर माज्या घरान हाय. म्हंजे बंद?"

मला तेच वाटलं. निवासी इमारत, निवासी भाग, निवासी गाळा. पंचवीस वर्षं मी हा शब्द याच अर्थाने वाचत आले. पनवेल परिसरातल्या घरातून पाळणाघर चालवणाऱ्या सगळ्या बायकांना एकत्र बोलावलं, आत्यांच्याच खोलीत, मुलं झोपल्यावर दुपारी. निवेदन लिहिलं, एका पानात, मुद्देसूद. पहिलं वाक्य असं होतं: 'आमची सर्व पाळणाघरे निवासी असून ती वर्षानुवर्षे सुरळीत चालू आहेत.' सगळ्यांनी सह्या केल्या. मी मंत्रालयातल्या महिला व बालविकास विभागात नेऊन दिलं, पोच घेतली, डायरीतल्या ओळीवर काट मारली.

आठवड्याभराने मी पाठपुराव्याला गेले. कक्ष अधिकारी बाई होत्या. मसुद्याची फाइल त्यांच्याच हातातून वर जाणार होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आमचं निवेदन काढलं.

"मॅडम, तुम्ही या बायकांच्या बाजूने आहात ना?"

"अर्थात."

"मग हा कबुलीजबाब का लिहून दिलात?"

मला कळेना. त्यांनी शांतपणे समजावलं. काही ठिकाणी लहान मुलांना आठवडाच्या आठवडा ठेवून घेतात, आईबाप फिरकत नाहीत, ते थांबवायचं आहे. निवासी शाळा असते ना, तसं निवासी पाळणाघर. त्यावर बंदी.

"आणि तुम्ही लिहिलंय, आमची सर्व पाळणाघरे निवासी आहेत. वर सगळ्यांच्या सह्या. मी हे वर पाठवलं तर पहिली नोटीस यांनाच."

मी विचारलं, "हे मागे घेता येईल?"

"नवीन द्या. त्यात आधीचं रद्द समजावं असं लिहा. आणि सह्या पुन्हा. पाच दिवस आहेत." मग चष्मा खाली ओढत म्हणाल्या, "आणि एक सांगू? त्या तळोज्याच्या बाजूची मुलं रात्रीपर्यंत असतात असं ऐकलंय. ते काय आहे, तेही लिहा. लपवलंत तर नंतर कुणीतरी काढेल."

खरा पेच तोच होता. घराचा प्रश्न 'निवासी'ऐवजी 'राहत्या घरात' लिहिलं की सुटणार होता. दुपारच्या पाळीच्या मुलांचा नाही. ती रात्री झोपत होतीच. कुठल्याही अधिकाऱ्याने दहाला दार वाजवलं असतं, तर चटईवरची मुलं बघून निवासीच म्हटलं असतं. आत्यांची निम्मी मुलं त्याच पाळीची. ती गेली तर पाळणाघर गेलं, आणि त्या मुलांच्या आयांची नोकरीही.

मी थेट रोडपालीला गेले. चूक कुणाची झाली हे आडवळणाने सांगायची मला सवय नाही. सांगितलं. आत्या वरण घोटत होत्या. रवी थांबली.

"येवरी शिकलेली तुमी, न आमालाच जेलान टाकाया निंगाले?"

"हो. म्हणून परत आले."

त्यांच्या मुलीला हसू आवरेना. "आई, निदान मॅडम खरं तरी सांगतात."

"खरं सांगून वरण व्हतं का?" म्हणत आत्यांनी गॅस बारीक केला, पण समोर येऊन बसल्या. मी वही काढली. म्हटलं, रात्री झोपणारं मूल आणि ठेवून घेतलेलं मूल, यात फरक काय, तो मला एका वाक्यात हवाय. मी स्वतः तीन व्याख्या लिहून आणल्या होत्या. एकीत तास होते, एकीत अंथरुणांची संख्या, एकीत जेवणाच्या वेळा. एकही टिकत नव्हती. तास घातले की दुपारची पाळी अडकायची, तास काढले की ठेवून घेणारे सुटायचे.

आत्यांनी तिन्ही ऐकून घेतल्या.

"तुमी घड्याळ कशाला बघता? आईला बघा ना. पोराची आई कामाव हाय का घरान हाय? कामाव हाय, तर त्या पाळणाघर. आई घरान बसलेय न पोर माज्याकं झोपलंय, तर तुमचा तो निवासी."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. इतकी वर्षं मी लोकांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत नेते, पण त्या दिवशी मला फार काही करावं लागलं नाही. सरकारी भाषेत ते असं झालं: 'बालकाचा पालक कामावर असेल त्या वेळेपुरते, राहत्या घरात चालवलेले पाळणाघर निवासी मानले जाणार नाही.' सोबत दोनच कागद. कारखानदारांचं पत्र, की दुपारच्या पाळीच्या वेळा या अशा. आणि फ्रिजवरच्या तक्त्याचा रंगीत फोटो. सह्या पुन्हा गोळा केल्या. एका बाईंनी सही करताना विचारलं, "या वेळी आत नाही ना जाणार?" मी त्यांना निवेदन दोनदा वाचून दाखवलं.

चौथ्या दिवशी ते कक्ष अधिकाऱ्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी वाचलं, 'राहत्या घरात'खाली पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे चालेल. विधी विभाग शब्द बदलेल, पण अर्थ राहील." पुढे विधेयक समितीकडे गेलं. आमचं वाक्य तिथे जिवंत राहावं म्हणून समितीतल्या एका आमदारांना भेटले. त्यांनी पान बाजूला ठेवलं आणि फोटोकडेच बघत राहिले.

"या टिकल्या कसल्या?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "माझी आई सूतगिरणीत होती. आम्हाला शेजारीण बघायची. तिच्याकडे टिकल्या नव्हत्या, एवढंच." समितीत तो मुद्दा त्यांनी मांडला. याचं श्रेय मी घेत नाही. माझं काम त्यांच्यापर्यंत फोटो नेण्याचं होतं.

कायदा झाला तेव्हा छापील प्रत घेऊन मी रोडपालीला गेले. दुपारचे दोन वाजत होते, पहिल्या पाळीची मुलं झोपेतून उठत होती आणि दुसऱ्या पाळीची चपला काढत होती. आत्या म्हणाल्या, "माजा वाक्य कुठं हाय ते दाखवा." मी बोट ठेवलं. त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. वाक्य मूळच्यापेक्षा तिप्पट लांब झालं होतं, पण पालक कामावर असेल तो काळ त्यात होता.

"येवरा लांब? मी त एका दमान सांगला व्हता."

"म्हणून तर ते दोन विभागांना समजलं."

सगळं मिळालं नाही. पाळणाघर चालवणाऱ्या बायकांच्या प्रशिक्षणासाठी अर्थसंकल्पात तरतूद मागितली होती, ती झाली नाही. आम्ही उशिरा पोचलो. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडतात, पण विभागांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी तयार होतात. म्हणून या वर्षीच्या डायरीत ती ओळ गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लिहिली आहे, आणि निवेदनाचं पहिलं वाक्य आत्यांना वाचून दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, हेही.

मी निघताना दारात एक बाई उभी होती, कडेवर दीड वर्षाची मुलगी. सोमवारपासून तळोज्याला दुपारची पाळी लागली होती. ती चाचरत म्हणाली, "रात्री उशीर होईल, आत्या. चालेल ना? कायद्याचं काहीतरी ऐकलं होतं."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू कामाव हाय ना? मंग चालतंय," म्हणाल्या, आणि आपल्या मुलीला हाक मारून तक्त्यात नाव लिहायला सांगून हिरव्या टिकल्यांचं पाकीट शोधायला आत गेल्या.