मुकुंदाच्या नावावर दिलेलं माझं रक्त

फोन आला तेव्हा मी बेंबळीत चहाच्या टपरीवर चारचौघांना थाप मारत बसलो होतो. थाप अशी की, लहानपणी साप मला चावला आणि ताप माझ्या जुळ्या भावाला आला. सोलापूरच्या दवाखान्यातून सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, संपलं सगळं..." मी फोन खिशात ठेवला आणि थाप पुरी केली. माणसं हसली. मी असं का केलं, ते दीड महिना झाला तरी मला कळलेलं नाही.

मुकुंदा माझ्यापेक्षा पाव तासानं थोरला. आम्ही इतके सारखे की, आमच्या म्हशीलाही फरक कळायचा नाही. आणि आमची म्हैस गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांपेक्षा हुशार होती. आई मला दोनदा जेवू घालायची आणि तो भुकेनं रडला की, "आत्ताच तर गिळलंस" म्हणून धपाटा घालायची. माझ्या खोड्यांच्या छड्याही शाळेत त्यानंच खाल्ल्या, तोंड न उघडता. पुढं मामानं एकाला शिकायला भूमला न्यायचं ठरवलं. तो गेला, मी म्हशीपाशी राहिलो. तिथं त्याला दोनदा टायफॉइड झाला, महिनोन्‌महिने गोळ्या-इंजेक्शनं चालली. परत आला तेव्हा वाळला होता, पण चार महिन्यांत पुन्हा माझ्यासारखाच दिसायला लागला.

पंचविशीत त्याचं पोट बिघडलं. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागायचं, रक्त पडायचं. घरचे म्हणायचे, उष्णता आहे. त्यातच उमरग्याचं स्थळ आलं. मुलगी पसंत पडली, पण नवरदेव पोटानं अधू आहे असं कुणीतरी तिच्या वडलांच्या कानावर घातलं. त्यांनी निरोप धाडला: रक्त न् शौच तपासून कागद आणा, मगच सुपारी फोडू.

मुकुंदा ओट्यावर मान खाली घालून बसला. "जाऊ दे माधवा. जमत न्हाय म्हणून कळवू."

"येडा का खुळा तू? म्या जातो तपासायला. नाव तुझं, रक्त माझं."

"लबाडी व्हईल ती."

"कसली लबाडी? एका पोटातनं आलो आपण. तुझं माझं रक्त एकच की! डॉक्टरला काय, देवाला बी वळखायचं न्हाय."

आयुष्यात मी हजार थापा मारल्या, पण ही थाप नव्हती. माझा त्यावर खरोखर विश्वास होता. कागद इतका स्वच्छ आला की, चौकट करून देवघरात लावावा. लग्न झालं, सुमनवहिनी घरात आल्या. वरातीत मी एवढा नाचलो की, बँडवाले दमून खाली बसले.

तोच कागद त्याच्या मुळावर आला. पुढं कधीही रक्त पडलं की, कुणीतरी म्हणायचं, "रिपोर्ट तर चांगला हाय, मूळव्याध असंल." मग ताक, सुरण, कुठल्या तरी वैदूच्या पुड्या. मुकुंदा माझ्याकडं बघायचा, मी छताकडं. खरं सांगावं तर बायकोपुढं तो खोटा पडणार, आणि मी सगळ्या गावापुढं. अशी बारा-तेरा वर्षं गेली...

शेवटी सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनं आतडं पाहिलं. मोठ्या आतड्याची जुनी सूज, अल्सरेटिव्ह कोलायटिस. इतकी वर्षं औषधाविना राहिलेली, आणि आता त्यातच कर्करोग. भाऊ म्हणून त्यांनी मलाही तपासलं. माझं आतडं साफ होतं.

"बाई, आमचं रक्त एकच. मग मला का न्हाय?"

"एकाच भजनाच्या दोन वह्या समजा," त्या म्हणाल्या. "मजकूर तोच. पण एका वहीत कुणी पेन्सिलीनं खुणा केल्यात. हे म्हणा, हे गाळा, हे दोनदा घ्या. शरीरातल्या जनुकांवरही अशा रासायनिक खुणा असतात. खाणं, आजार, औषधं, पोटातले जंतू, यांनी त्या बदलत जातात. एपिजेनेटिक्स म्हणतात त्याला. अशा आजारात आतड्यातल्या पेशींवरच्या खुणा वेगळ्या सापडतात."

"मग भूमच्या टायफॉइडनं? का त्या गोळ्यांनी?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही. काही खुणा आजारामुळंही पडतात." मग मुकुंदाकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही लवकर यायला हवं होतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "माझंच चुकलं, बाई. म्या टाळाटाळ केली." ही शेवटची छडीही त्यानं खाल्ली.

तो गेल्यावर महिन्यानं मी सुमनवहिनींना सगळं सांगितलं. गेलो होतो तर दारातच शेजारची म्हातारी मला बघून किंचाळली होती. सध्या असं होतं. वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. माझं संपेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

"एवढं तोंड चालवता जन्मभर," त्या म्हणाल्या, "आन् हे सांगायला त्यांचं मरण लागलं व्हय तुमाला?"

आणि पुढची शेंग फोडली. मला रडायलाही आडोसा हवा होता, म्हणून परसातल्या संडासात शिरून कडी लावली. आत भिंतीवर कॅलेंडर होतं, शेजारी सुतळीला बांधलेलं पेन. दिवसातून किती वेळा जावं लागलं, त्याच्या बारीक रेघा मुकुंदानं रोजच्या चौकोनात ओढल्या होत्या. कुठं अकरा, कुठं चौदा. दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून चौकोन कोरे.

त्याच्या नावावर माझं खपवायच्या सवयीनं मी पेन हातात घेतलं. माझी दिवसाची एकच रेघ होते, निरोगी. चौकोनावर टोक टेकलं... आणि काढून घेतलं. पेन सुतळीला परत लोंबकळत सोडलं, आणि ते हलायचं थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.