आंतोनबाबांचा हात वर गेला की

आमच्या जुन्या कोरसमधल्या दोघी भेटल्या, की आंतोनबाबांची एक तरी आठवण निघतेच. मग तिच्या पाठोपाठ दुसरी. चहा थंड होतो, उंडे पाव कडक होतात आणि घरचे विचारतात, "अजून संपले नाहीत तुमचे मास्तर?"

आंतोनबाब मुंबईत सिनेमाला संगीत द्यायचे, मोठ्या ऑर्केस्ट्राचे कंडक्टर होते. उतारवयात डिचोलीला परतले आणि आम्हा हौशी मंडळींना शिकवू लागले. मी पेडण्याची, लग्न होऊन इथे आलेली. आरत्यांपलीकडे काही गायले नव्हते. मला म्हणाले, "बाय, तुझा आवाज मागच्या रांगेचा. मागची रांग पडली तर पुढची टेकणार कुठे?" त्या एका वाक्यावर मी अजून गाते आहे.

*

स्टुडिओची सवय म्हणून ते तालमीला पंखा बंद करायचे. तबलजी दामू एकदा घाम पुसत म्हणाला, "मास्तर, इथे माइक कुठे आहे?"

"माझे कान आहेत ना!"

हात वर करून ते थांबायचे. खनिजाचे ट्रक रस्त्यावरून गेल्याशिवाय तो हात खाली येत नसे.

*

त्यांचा पहिला सिनेमा म्हापशाला लागला तेव्हा ते आईला घेऊन गेले. थिएटरवाल्याने घाईत नावंच कापली होती. आई शेवटपर्यंत बघत बसली. "पूता, तुझं नाव खंय?"

"मांय, ते ऐकायचं असतं."

*

मग गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, हे भाषेचं आंदोलन आलं. जन्मभर कोकणीत भांडलेला दामू हट्टाने पुस्तकी मराठी बोलू लागला. व्हायोलिनवाला फेर्मिन मराठी नाटकांचा वेडा, त्याने मराठी बोलणंच सोडलं. दोघांचं बोलणंच तुटलं.

पुढे गोवा घटकराज्य झालं आणि डिचोलीत कार्यक्रम ठरला. आंतोनबाबांचा स्वतःच्या गावातला हा पहिलाच कार्यक्रम. दामू म्हणाला, कोकणी गाणं असेल तर मी येणार नाही. फेर्मिन म्हणाला, मराठी असेल तर मी नाही. या दोघांशिवाय आमच्याकडे होतं काय? मास्तरांनी शब्दांशिवायची रचना केली. कोरसला नुसता 'आ'कार. "आता भांडा कशावर भांडता ते."

दोघे आले. शेजारी बसले, तोंडं फिरवून.

ऐन व्हायोलिनच्या जागी वारा सुटला आणि फेर्मिनचा नोटेशनचा कागद स्टँडवरून उडून दामूच्या पुढ्यात पडला. दामूने एका हाताने ठेका चालू ठेवला आणि दुसऱ्या हाताने कागद उचलून फेर्मिनसमोर धरला. उलटा. त्याला बिचाऱ्याला नोटेशन कुठे वाचता येतं? फेर्मिन त्या उलट्या कागदाकडे एकटक बघत शेवटपर्यंत वाजवत राहिला. एक सूर चुकला नाही.

टाळ्या थांबल्यावर आंतोनबाब हसत म्हणाले, "दामू, अरे तो कागद..."

फेर्मिनने त्यांना मध्येच अडवलं. कित्येक महिन्यांनी दामूकडे बघून, चक्क मराठीत म्हणाला, "कागद अगदी बरोबर धरलात तुम्ही."

दामूने तबल्यावर कापड टाकत कोकणीतच आभार मानले, "देव बरें करूं, फेर्मिन."