सिनेमात झोपलं कोण

मोगऱ्याचा वास आला की घाटकोपरची ती उकाड्याची संध्याकाळ आठवते आणि स्वतःचाच वैताग येतो. बायको गजरा माळून जुहूच्या समुद्रावर निघाली होती; मी तिला गिरणी संपावरच्या राजकीय सिनेमाला ओढत नेलं. "जगात काय चाललंय कळू दे तुला." "अहो, माझे बाबा वर्षभर संपावर आहेत. मला कळत नाही होय?" थिएटरचे पंखे बंद, खुर्चीत ढेकूण, तरी मध्यंतरानंतर मी घोरायला लागलो. उठलो तेव्हा रडून तिचे डोळे सुजले होते. घरी मी सगळ्यांना म्हणालो, "बघा हिचे डोळे, झोपली अख्खा सिनेमा." सगळे हसले. ती जन्मभर गप्प राहिली. आता ती नाही, म्हणून लिहून ठेवतो: झोपलो होतो मी.