सवाष्णीच्या हातचं

मॅडमनी कात्री माझ्याच हातात दिली.

"ताई, तुम्हीच कापा. गाठ कुठे आहे ते तुम्हालाच माहीत आहे."

माझ्या मांडीवर मंगळसूत्र होतं. तीन पदरी, काळे मणी, मधे सोन्याच्या दोन वाट्या. दोन पदर गाठवून झाले होते, तिसरा निम्म्यावर आला होता. दोऱ्याचं टोक माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं. समोर खुर्च्यांवर तिघी बसल्या होत्या. लग्न ठरलेली मुलगी, तिची आई आणि तिची होणारी सासू. लग्नसराईचं दागिन्यांचं प्रदर्शन होतं, एका मंगल कार्यालयात. हॉल भरलेला. शेजारच्या स्टॉलवरच्या बायकाही वळून बघायला लागल्या होत्या.

मी कापलं. हे आधीच सांगून टाकते. नंतर मी पुष्कळ बोलले, पण त्या दिवशी मी नाही म्हटलं नाही. कात्री घेतली आणि माझाच दोरा कापला. मणी सतरंजीवर सांडले, काही खुर्च्यांखाली गेले. मी गुडघ्यांवर रांगत ते गोळा केले. नवरीमुलीच्या खुर्चीखाली हात घातला तेव्हा तिनं फोनवरची नजर न काढता दोन्ही पाय वर उचलले. मला मणी घेता यावेत म्हणून.

पाच मिनिटांपूर्वी सगळं बरं चाललं होतं.

मी पटवेकऱ्याची मुलगी. सोनार दागिना घडवतो, पटवेकरी तो दोऱ्यात गाठवतो. वडिलांकडून शिकले. आमची पद्धत अशी की दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं आणि ताणून धरून काम करायचं. ताण नीट असला तर पदर सरळ पडतो. मॅडमना हे फार आवडायचं. त्या स्वतः दागिने डिझाइन करायच्या. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, बंगल्याच्या खालच्या मजल्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. त्या स्क्रीनवर चित्र काढायच्या. मी सांगायची, मॅडम, हे गळ्यात असं पडणार नाही, उलटं होईल. मग मी ताटात मणी मांडून दाखवायची आणि त्या तसं चित्र बदलायच्या. लहानमोठे मणी मुद्दाम विस्कळीत ओवलेला जो पदर त्यांच्या नावानं खपायचा, तो माझ्या ताटातला होता. त्याचं मला तेव्हा काही वाटायचं नाही. काम मिळत होतं, मुलगी कॉलेजात होती.

प्रदर्शनात त्या मला सतरंजीवर पुढे बसवायच्या. मागे मोठा बॅनर. त्यावर माझ्या हातांचा फोटो, मनगटापाशी कापलेला. खाली लिहिलेलं, 'स्त्रीच्या हातांनी, स्त्रीसाठी.' लोक थांबायचे, अंगठ्याला बांधलेल्या दोऱ्याचे फोटो काढायचे.

म्हणजे सगळ्यांची नजर माझ्या पायांवर. त्या आईचीही तिथेच गेली.

"अहो, तुमच्या पायात जोडवी नाहीत?"

"नाहीत."

तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं.

"मिस्टर काय करतात?"

"गेले. चार वर्षं झाली."

माझे मिस्टर मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर तोलाईला होते. ताप अंगावर काढला आणि आठवड्याभरात गेले. पण हे तिनं विचारलं नाही. ती होणाऱ्या विहीणबाईंकडे वळली. मग ती उठून मॅडमपाशी गेली आणि आवाज खाली घेऊन बोलली. तरी मला ऐकू आलं. बहुतेक यावं म्हणूनच.

"आमचं तसं काही नाही हो. आम्ही असलं मानत नाही. पण लग्नाचं मंगळसूत्र आहे. सवाष्णीच्या हातचं असावं, एवढंच."

एवढंच. पुण्यात माणूस कापायचा असला की आवाज चढवत नाहीत.

कापून झालं. मणी वाटीत भरले. मॅडम मला पडद्यामागे घेऊन गेल्या. तिथे खोकी ठेवलेली होती.

"ताई, इथे बसून परत करा ना पटकन. पुढे ती बसेल हातात घेऊन. ती सवाष्ण आहे."

ती म्हणजे स्टॉलवर विक्रीला ठेवलेली मुलगी. नुकतंच लग्न झालेली. तिला सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही. ती पुढे माझ्या जागेवर बसली, हातात रिकामा दोरा धरून. मी मागे दोन खोक्यांच्या फटीत बसले, अंगठ्याला दोरा बांधला आणि तेच मणी, त्याच वाट्या, तेच मंगळसूत्र पहिल्यापासून गाठवलं. काम चोख केलं. वाईट करायला हात तयार होईनात.

बाकीचे स्टॉल बघायला गेलेल्या तिघी परत यायच्या आत पडद्याच्या कडेनं मॅडमनी ते आतून घेतलं आणि त्या मुलीच्या ओंजळीत ठेवलं. मला फटीतून दिसत होतं. नवरीच्या आईनं पर्समधून कुंकवाची डबी काढली. आधी मंगळसूत्राला लावलं, मग त्या मुलीच्या कपाळाला.

"छान गाठवलंस गं," ती म्हणाली.

ती मुलगी पडद्याकडे बघून रडवेली झाली. माझा संताप संताप झाला. तिच्यावर नाही. माझ्यावर. कारण मी खोक्यांच्या मागे श्वास रोखून बसले होते, चोरी करताना सापडू नये तशी.

आवरताना मॅडम म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. आपण थोडंच मानतो हे? पण गिऱ्हाईक आहे." त्या 'आपण'मध्ये मी होते की नव्हते, मला कळलं नाही. मी मान हलवली आणि धायरीची बस पकडली.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली आणि मला अण्णा आठवले. माझे वडील. मंडईजवळच्या एका बोळात, सराफाच्या ओट्यावर बसून त्यांनी आयुष्यभर दागिने गाठवले. सगळ्यात जास्त मंगळसूत्रं. लग्नाची, वाढवलेली, सैल झालेली. बायका रांगेनं बसायच्या. "अण्णा, तुमच्या हातची गाठ सुटत नाही हो," म्हणायच्या. गाठवलेलं मंगळसूत्र त्यांच्या हातातून घेऊन डोळ्यांना लावायच्या.

आणि अण्णांची बायको, माझी आई, मी सात वर्षांची असताना गेली होती.

स्वारगेट येईपर्यंत मी एवढ्याच गोष्टीचा विचार करत होते. अण्णा विधुर होते. हा शब्द मी त्यांच्याबद्दल कधी ऐकलाच नव्हता. बायको गेलेल्या माणसाच्या हातून अख्ख्या मंडईनं मंगळसूत्रं गाठवून घेतली. त्यांच्या अंगठ्याकडे, गळ्याकडे बघून कुणी काही विचारलं नाही. कळलं असतं तरी 'अरेरे' म्हणाल्या असत्या, 'मुलीचं कोण बघतं?' म्हणाल्या असत्या. दोरा कापायला कात्री मागितली नसती. तोच अंगठ्याचा दोरा, तीच गाठ. अण्णांच्या हातची शुभ आणि माझ्या हातची अशुभ.

आणि मीही हे इतकी वर्षं गिळलं होतं. शेजारच्या मुलीचं डोहाळजेवण झालं तेव्हा मी आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं. ओटी भरताना मी मध्ये दिसू नये, हे माझं मलाच वाटलं होतं. बसमध्ये मला त्याची लाज वाटली. मॅडमच्या कात्रीपेक्षा जास्त लाज त्या स्वयंपाकघराची वाटली.

पुढचं प्रदर्शन महिन्याभरानं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी मला एक पाकीट दिलं. आत मंगळसूत्र होतं, बाजारात लटकवलेली मिळतात तसलं. आणि जोडव्यांची जोडी.

"हे काय?"

"खोटंच आहे हो. फक्त स्टॉलवर बसताना घालायचं. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"कशाला?"

"परत तसा सीन नको व्हायला. तुम्हालाच त्रास होतो ना. मी तुमचाच विचार केला, ताई."

मी ते मंगळसूत्र बघितलं. प्लॅस्टिकचे मणी, टोकाला गाठ नाहीच, डिंकानं चिकटवलेलं. खरं सांगते, मला पहिला राग त्याचा आला. मग बाकीचा आला.

"मॅडम, माझी जोडवी माझ्या घरी डब्यात आहेत. चांदीची. दोरा घासून घासून एकावर चर पडलाय. मला घालावीशी वाटली तर मी माझ्यासाठी घालीन. तुमच्या गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून घालणार नाही."

"बरं, मग तुम्ही पडद्यामागे बसा. काम तर तेच आहे."

"काम तेच आहे. म्हणून समोर बसणार."

"ताई, धंद्यात इमोशनल होऊन चालत नाही."

"बॅनरवर माझे हात लावलेत. त्या हातांना मान आहे, गळा आहे. रिकामा आहे. तोही दिसू दे."

मॅडम म्हणाल्या, "असं असेल तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. माझ्या सुया, माझा चिमटा आणि अण्णांच्या वेळचा मेणाचा गोळा पिशवीत टाकला. मी दारात पोचले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "असं नोटीस न देता जाणार?"

"तुम्ही कात्री कुठे नोटीस देऊन दिली होती?" मी म्हटलं.

यानंतर सगळं छान झालं, असं काही नाही. दोन महिने घरी बसून काढले. हात शिवशिवायचे. मुलीसमोर तोंड हसरं ठेवायचे आणि ती बाहेर गेली की भिंतीकडे बघत बसायचे. शेवटी धायरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकली, समोर एक खुर्ची ठेवली. माझे नमुने मी कागदावर काढत नाही, ताटात मणी मांडते. तशी चार ताटं मांडून ठेवली. आणि पाटी करून घेतली.

पाटी करणाऱ्यानं मजकूर दोनदा वाचला. "मावशी, हे खरंच असंच लिहायचं?"

"असंच."

'मंगळसूत्र, ठुशी, तन्मणी गाठवून मिळेल. गाठवणारी बाई विधवा आहे. चालत नसेल त्यांनी आत येऊन वेळ घालवू नये.'

मुलगी म्हणाली, "आई, अगं विधवा कशाला? सिंगल लिही."

मी तसंच ठेवलं. पुष्कळ जणी वाचतात आणि पुढे जातात. एक बसली, फोन आला, 'जरा आलेच' म्हणून उठली, ती गेलीच. काही जणी येतात. ताटातले मणी आपल्या बोटांनी सरकवून बघतात, वाद घालतात, पसंत पडलं तर गाठवून नेतात. पोटापुरतं चालतं.

मागच्या महिन्यात एक मुलगी आली. इथल्याच नव्या सोसायटीतली. घाईत होती, पाटी न वाचताच आत शिरली.

"हे जरा सैल झालंय. वाट्या फिरतात सारख्या."

तिनं गळ्यातलं काढून माझ्या हातात दिलं. विस्कळीत मण्यांचे तीन पदर. मी मागची गाठ चाचपली. आत दडवलेली, अण्णांनी शिकवलेली.

"हे मी गाठवलंय," मी म्हटलं.

"नाही हो, हे आम्ही प्रदर्शनात..." ती थांबली. माझ्या पायांकडे बघितलं. मग चेहऱ्याकडे. "तुम्ही त्या."

"हो."

"सॉरी. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं होतं."

"वाटलं असेल. तुम्ही फोन बघत होतात."

तिचा चेहरा उतरला. मी पडद्यामागचं सगळं सांगितलं. खोकी, ती मुलगी, कुंकू.

"म्हणजे दीड वर्ष मी तुमच्याच हातचं..."

"हो. मिस्टर बरे आहेत?"

"बरे आहेत," ती म्हणाली.

मग ती खुर्चीवर बसली. जरा सैलावली. "मला तर काहीच नाही हो. तुम्हीच करा." मी नवा दोरा मेणावरून ओढला, अंगठ्याला बांधायला घेतला. ती पुढे म्हणाली, "फक्त आई येणार आहे आज. तिला मी दुसरीकडून करून आणलं म्हणून सांगेन. चालेल ना?"

मी दोरा सोडला. मंगळसूत्र तिच्या हातात परत दिलं.

"मग दुसरीकडूनच करून आणा."

"अहो, पण तुमचं काय बिघडतं? मी तर मानत नाही ना!"

"पडद्यामागे मी एकदा बसलेय. आता नाही बसणार. आईंना घेऊन या. त्या या खुर्चीवर बसतील, मी इथे बसेन आणि त्यांच्यासमोर गाठवेन. नाहीतर नाही."

तिनं मंगळसूत्र पर्समध्ये ठेवलं. बाहेर जाऊन पाटी वाचत उभी राहिली. मला वाटलं वळेल. वळली नाही.

अजून आलेली नाही. तो दोरा आता फार दिवस धरणार नाही. मीच ओवलाय, मला माहीत आहे. कदाचित ती दुसरीकडे जाईल. जाऊ दे.

पाटी लावली त्या दिवशी पुढच्या दाराचा पडदा मी काढून टाकला होता. तो परत लागणार नाही.