छर्रा जागचा हलत नाही

माझ्या थोरल्या भावाला सगळे घड्याळजी म्हणतात. मी दादा म्हणते, पण डोकं फिरलं की मीसुद्धा घड्याळजीच म्हणते, आणि ते त्याला बरोबर कळतं. चौतीस वर्षं तो एका अरुंद दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलाय. मोहरीएवढा स्क्रू खाली पडला तर सापडेपर्यंत कुणाला पाऊल हलवू देत नाही. लग्न त्याने केलं नाही. माणूस शांत आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तो आणि आई दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. मी लग्न होऊन चार चौक पलीकडे गेले, लाँड्रीत इस्त्री करते. आईची नजर अकरा वर्षांपूर्वी गेली. आधी कडेचं दिसेना, मग मधलं, मग काहीच नाही. आम्हाला वाटलं, आता ही अंथरूण धरणार. कसलं काय. दोन महिन्यांत ती पूर्वीसारखी घरभर फिरायला लागली. चहा करायची, कपडे वाळत घालायची, जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खाली दादाला जेवायला हाक मारायची, आणि कुठे कशाला धडकायची नाही. आईला सवयीने सगळं पाठ आहे, असं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचो. सवयीने म्हणजे कसं, हे दोघांपैकी एकानेही तिला कधी विचारलं नाही.

भांडण व्हायचं ते फक्त चपलांवरून. घरातली जमीन लाकडी आहे, आम्ही राहायला आलो तेव्हाच जुनी झालेली. फळ्या काळ्या पडलेल्या, कडा सुटलेल्या, खिळे वर आलेले. आई त्यावरून अनवाणी चालायची. दादाने तिच्यासाठी घरात घालायच्या मऊ चपला आणल्या, एकदा नाही, तीनदा. तिन्ही जोड कपाटाखाली खोक्यात पडून होते.

"पायात काही घातलं की मला आंधळी झाल्यासारखं वाटतं," ती म्हणायची, आणि आम्ही दोघं हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

मग तिच्या टाचेत लाकडाचं कुसळ गेलं. तिने चाचपडत अर्धं काढलं, अर्धं आतच राहिलं, आणि चार दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चपला घालाव्या लागल्या असत्या. पाचव्या दिवशी ताप चढला आणि पाऊल घोट्यापर्यंत सुजलं. हॉस्पिटलात टाच कापून सगळं साफ केलं. डॉक्टरीणबाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाय वाचला, पण या वयात पुन्हा असं झालं तर वाचायचा नाही. ती जमीन नीट करा, नाहीतर त्यांना वृद्धाश्रमात ठेवा. पुढच्या शुक्रवारी आमच्या सिस्टर घर बघायला येतील. त्यांनी हो म्हटलं तरच मी घरी सोडेन."

दादा बाहेरच्या बाकावर बसला.

"तिकडे ठेवली तर आई महिनासुद्धा काढणार नाही," तो म्हणाला. "मी करतो जमीन. आज बुधवार. नऊ दिवस आहेत."

"तू? तू कधी भिंतीत खिळा ठोकलायस का?"

"घासायचंच आहे ना. मी रोज घासतो."

रोज घासतो ते घड्याळाची काच, नखाएवढी. पण सुतार म्हणत होता महिनाभर येऊ शकत नाही, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आईला आधी काही सांगायचं नाही, ती नको म्हणेल, घरी आली की खूश होईल, असं आमचं ठरलं. हे ठरवण्यात मीही होते, ते मी नाकारत नाही.

गुरुवारी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि जमीन घासायचं मशीन भाड्याने आणलं. रोलरला पॉलिश पेपर गुंडाळलेला, आवाज असा की शेजारच्या भिंतीवरची भांडी वाजावीत. आधी वर आलेले खिळे ठोकून आत घातले, भोकांत लाकडाचा भुसा आणि सरस कालवून भरला. इथवर छान चाललं होतं. मग त्याने मशीन सुरू केलं आणि दोन हात पुढे गेल्यावर, नीट घासलं जातंय का, ते बघायला थांबला. मशीन चालूच होतं. ते चालू ठेवून एका जागी थांबायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खोलीच्या मधोमध बोट जाईल एवढा चर पडला.

मी संध्याकाळी डबा घेऊन गेले तर हा त्या चराशेजारी पालथा पडून, भिंग लावून त्याची खोली मोजत होता. केसांपासून पायांपर्यंत भुशाने माखलेला, डोळे लाल.

"सगळी जमीन या चराच्या पातळीला आणावी लागेल," तो म्हणाला.

"सगळी कशाला? मऊ झाली म्हणजे झालं की. सिस्टर काय पट्टी घेऊन येणार आहेत?"

"चर दिसेल."

"कुणाला दिसेल दादा? आईला?"

तो ऐकत नव्हता. त्याने खिशातून एक पोलादी छर्रा काढला, वाटाण्याएवढा, आणि जमिनीवर ठेवला. छर्रा घरंगळत ओट्यापाशी गेला आणि तिथेच डुलत राहिला. म्हणजे तिथे खोलगट आहे, त्याने मला समजावलं. छर्रा ठेवला तिथेच राहिला पाहिजे, तरच जमीन सपाट. घड्याळातली पितळी पट्टी सपाट आहे का, तेही तो असंच बघतो. मी म्हटलं, कर बाबा तुझ्या मनासारखं, आणि भांडी घासून घरी आले.

पुढचे पाच दिवस त्याने तेच केलं. छर्रा ठेवायचा, कुठे पळतो ते बघायचं, त्या खोलगटाच्या भोवतालचं लाकूड खाली आणायचं, पुन्हा ठेवायचा. हातांना फोड आले, ते फुटले, त्यावर चिंध्या बांधून पुन्हा कामाला लागला. जेवणाचं भान नव्हतं. मला भीती वाटायची की आईच्या पाठोपाठ हाही हॉस्पिटलात जातो. पण लाकूड खालून मधाच्या रंगाचं निघत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही हुरूप आला होता.

मंगळवारी दुपारी मी आईकडे गेले. तिला पहिल्यांदा वॉर्डात चालवत होते. माझी आई, जी डोळे नसताना उकळता चहा न सांडता नेते, ती भिंतीला दोन्ही हात लावून लहान मुलासारखी थरथरत उभी होती.

"काय गं आई, पाय दुखतोय का?"

"पाय ठीक आहे. ही जमीन मुकी आहे," ती म्हणाली. "सगळीकडे एकसारखी. कुठे उभी आहे तेच कळत नाही. घरी कसं, खाटेवरून उतरलं की तीन खिळ्यांची डोकी लागतात. तिथून सरळ गेलं की ओट्यापुढचा खड्डा. चाळीस वर्षं उभी राहून मीच पाडलाय तो. त्यात पाय बसले की शेगडी बरोबर हाताशी. आणि जिन्याच्या आधी फळी उतरती होते ना, तिथे पाय आपोआप थांबतो. नाहीतर केव्हाच गडगडत खाली गेले असते मी." तिने माझा हात घट्ट धरला. "एकदा घरी ने गं. घरी मला सगळं दिसतं."

मी तिला कशीबशी खाटेवर बसवलं आणि तिथून पळत सुटले. बसची वाटसुद्धा बघितली नाही. जिना चढले तेव्हा मशीन चालूच होतं. हाक त्याला ऐकू जाईना, म्हणून मी भिंतीतून मशीनची पिन उपटली.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"काही नाही. हे शेवटचंच," तो हसत म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदा हसत होता. त्याने छर्रा जिन्याच्या तोंडाशी ठेवला. मग ओट्यापुढे ठेवला. मग आईच्या खाटेशी. छर्रा जागचा हलला नाही. "बघ. सगळीकडे."

मी त्याला आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो छर्रा मुठीत धरून खाली बसला. नुसता त्या गुळगुळीत लाकडावरून हात फिरवत राहिला.

"परत करू," तो एकदम म्हणाला. "खड्डाच करायचा आहे ना. कुठे होता सांग."

मी ओट्याशी गेले आणि उभी राहिले. ओट्याला चिकटून होता की हातभर अलीकडे? लांबट होता की गोल? मी डोळे मिटून चालले, तो डोळे मिटून चालला. मी एक जागा दाखवली, त्याने दुसरी. खिळे खाटेच्या उशाकडे होते, मी म्हटलं. पायथ्याकडे, तो म्हणाला. दोघंही याच जमिनीवर खेळलो, भांडलो, आणि दोघांनाही काही सांगता येत नव्हतं. त्याच्या हाताखालून प्रत्येक फळी गेली होती, पण तो फक्त छर्रा बघत होता.

"आईला विचारूया," मी म्हटलं.

"काय विचारणार? तुझं घर मी घासून टाकलं, आता कुठे काय होतं ते सांग, असं विचारू?" तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला.

शेवटी त्याने अंदाजाने पटाशीने ओट्यापुढे खड्डा काढला आणि पॉलिश पेपरने मऊ केला. जिन्याच्या तोंडाला लाकडी फाटक लावलं. खिळ्यांचं काही जमलं नाही, वर आलेले खिळे सिस्टरांनी चालवूनच घेतले नसते. बुधवारी आणि गुरुवारी व्हार्निशचे दोन हात दिले. शुक्रवारी सिस्टर आल्या, वाकून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "सुरेख. इतकं चांगलं काम मी बघितलं नाही." दादा मान खाली घालून उभा होता.

रविवारी आम्ही आईला आणलं. टाच अजून हुळहुळी होती, म्हणून दादाने तिला पाठीवर घेऊन जिना चढवला आणि दारात उतरवलं. ती आत आली आणि थांबली. पाऊल पुढे सरकवलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. व्हार्निशचा वास खोलीभर होता. तिचा चेहरा मिटत गेला.

"आश्रमात आणलंत होय," ती हळूच म्हणाली. "सांगायचं तरी. मी काही आकांत केला नसता."

"आई, घर आहे आपलं," दादा म्हणाला. "मी जमीन नवी केली. तुला लागू नये म्हणून." त्याने तिचा हात दाराच्या कडीवर ठेवला, जिचं टोक लहानपणी मी मोडलं होतं. आईने ते टोक अंगठ्याने चाचपलं. तिला पटलं. मग तिने त्याचा हात धरला, चिंध्या बांधलेला, आणि त्यावरूनही अंगठा फिरवला.

ती एकटी निघाली. आम्ही कुणी तिला धरलं नाही. भिंतीच्या कडेने गेली, मग हात सोडून सरळ. पायाला तो नवा खड्डा लागला. तिचं तोंड एवढं उजळलं. त्यात दोन्ही पाय बसवून तिने शेगडीकडे हात पुढे केला. हात हवेतच राहिला. शेगडी वीतभर पलीकडे होती.

तिने हात मागे घेतला. मग वळली, आणि मी पुढे केलेल्या खुर्चीवर बसली.

"फार छान झालीय रे," ती दादाला म्हणाली. "किती मऊ लागते. एकट्याने केलीस एवढी?"

"हो," दादा म्हणाला.

"हात केवढे सोलवटलेत तुझे." तिने पावलं जमिनीवरून उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवली. "त्या कपाटाखाली चपला आहेत ना, त्यातला एक जोड दे मला."