मी पुसलेली मालिका

टीव्ही केंद्राच्या टेप लायब्ररीत मी अख्खी नोकरी काढली. कुठली टेप कुठल्या कपाटात आहे, कोण घेऊन गेलं, परत आली का, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर मी आणि बायको करंजाड्याला राहायला आलो. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. दिवस बरे चालले होते.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. फार पूर्वी केंद्रासाठी तेरा भागांची एक मालिका करणाऱ्या दिग्दर्शिकाबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, नेरुळला एकट्या राहतात, आणि त्यांना ती मालिका मरण्याआधी एकदा बघायची आहे. कुणाकडे काही असेल तर कळवा. खाली सगळ्यांनी हात जोडले. एकाने लिहिलं, ‘त्या टेपा पावसात भिजून गेल्या ना?’

ते वाक्य मूळ माझं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बाई स्वतः लायब्ररीत आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की छत गळलं आणि टेपा खराब झाल्या. छत गळलं होतं हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी त्या टेपा कोऱ्या झालेल्या होत्या, आणि त्या मी माझ्या हाताने कोऱ्या केल्या होत्या.

आज ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. तेव्हा टेपा बाहेरून मागवाव्या लागत आणि कायम कमी पडत. मग वरून चिठ्ठी यायची, इतक्या जुन्या टेपा मोकळ्या करा. आमच्याकडे चुंबकाचं एक पेटीसारखं यंत्र होतं. टेप त्यावर ठेवायची, बटण दाबायचं, गोल फिरवायची. मिनिटाच्या आत सगळं गेलेलं. त्या खेपेला चिठ्ठीत पंधरा टेपा लिहिल्या होत्या. कुठल्या, ते लिहिलं नव्हतं. ते माझ्यावर सोडलं होतं.

त्याच्या चार दिवस आधी मी स्टुडिओत चुकीची टेप नेली होती. बाई चिडल्या. व्हरांड्यात सगळ्या लोकांसमोर म्हणाल्या, “कपाटं राखायला ठेवलंय तुला, तेवढं तरी धड कर.” मी पंचविशीतला. कॅन्टीनमध्ये दोन दिवस लोक मला ‘कपाट’ म्हणून हाक मारत होते. चिठ्ठी आली तेव्हा मी सरळ त्यांच्या मालिकेच्या फळीपाशी गेलो. तेरा त्यांच्या, वर दोन दुसऱ्या कुठल्यातरी. रजिस्टरवर सही केली.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्या मेसेजनंतर मला जेवण जाईना. मी इंटरनेटवर जुने कार्यक्रम जमवणाऱ्या लोकांचे ग्रुप शोधले. असे लोक बरेच आहेत. कुणी जाहिराती जमवतं, कुणी बातम्या, कुणी फक्त कार्यक्रम सुरू होण्याआधीच्या पाट्या. मी सगळीकडे मालिकेचं वर्णन टाकलं. कपडे शिवून संसार चालवणारी बाई, तिचं मशीन, तिचा घर सोडून गेलेला नवरा. महिनाभर काही नाही. मग एकाने कळवलं, घणसोली गावात एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे खोलीभर कॅसेट आहेत, पण ते कुणाला हात लावू देत नाहीत.

मी गेलो. गावठाणात, दोन इमारतींच्या मधल्या बोळात घर. खाली भाडेकरू, वर हे दोघं नवरा-बायको. गृहस्थ माझ्याच वयाचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. आयुष्यभर तळोज्याला एका कंपनीत शिफ्टला गेलेले. शेती भूसंपादनात गेली, तेव्हा भरपाईच्या पैशातून घरात आलेली पहिली वस्तू व्हीसीआर. त्यांनी मला खोली दाखवली. भिंतभर लोखंडी मांडण्या, कॅसेटवर कॅसेट, प्रत्येकीला प्लॅस्टिकची पिशवी.

“कोनी पाठवला तुमाला?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. टीव्हीत होतो म्हणालो. बाईंबद्दल सांगितलं. पुसल्याचं नाही सांगितलं.

“कॅसेट नाय देनार,” ते म्हणाले. “एक जन तीन नेल्यान, मोबाईलवर सोडल्यान, त्याचाच नाव टाकल्यान. कॅसेट आजून परत नाय.”

कॅसेटवर नावं नव्हती. कागदाच्या पट्ट्यांवर बॉलपेनने चित्रं काढलेली. छत्री, बैल, चष्मा, शिडी. मी बघत राहिलो, तेव्हा त्यांची बायको दारातून म्हणाली, “ती मी काढलीत. मना लिवता येत नाय.”

तेव्हा कळलं, की ही सगळी मेहनत त्या वहिनींची. नवरा सेकंड शिफ्टला जायचा, त्याला मालिका चुकायच्या, म्हणून ही रोज बटण दाबून भरून ठेवायची. कुठल्या कॅसेटमध्ये काय आहे ते तिला आजही तोंडपाठ.

मी त्यांना मालिकेचं वर्णन केलं. त्या मधेच थांबवून म्हणाल्या, “शिवनवाली? हाय ना. दोन भाग हायत.” आणि सरळ खालच्या मांडणीतून एक कॅसेट काढून आणली. पट्टीवर शिवणाचं मशीन. “ही याच्यासाठी नाय भरली,” नवऱ्याकडे मान करून म्हणाल्या. “याला मारामारी लागायची. ही मी माझ्यासाठी भरली.”

मी कॅसेटच्या छोट्या पारदर्शक खिडकीतून आत पाहिलं, तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी. तशीच लावली असती तर टेप तुटली असती, मशीनही खराब झालं असतं. मी म्हटलं, मला साफ करू द्या, इथेच बसून करतो, बाहेर नेत नाही. भाऊंनी माझ्याकडे पाट सरकवला. मग म्हणाले, “बसा.”

पुढचे तीन मंगळवार मी तिथे गेलो. कॅसेटचे स्क्रू काढायचे, टेप हाताने हळूहळू फिरवायची, मऊ कापडाला स्पिरिट लावून इंच इंच पुसायची. पुसणं हा शब्द तिथे मनात आला की मला नको व्हायचं. वहिनी चहा आणायच्या. भाऊ शेजारी बसून मी काय करतोय ते शिकत होते. तिसऱ्या मंगळवारी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. आधी करड्या रेघा, मग आवाज, मग चित्र. कॅसेटवरच्या पहिल्या भागाची सुरुवात नव्हती. “भात उतू जात व्हता,” वहिनी म्हणाल्या, “म्हनून बटन उशिरा दाबला.”

भाऊंनी एकच अट घातली. बाईंनी इथे येऊन बघायचं, त्यांनी बघितल्याशिवाय कॉपी काढायची नाही.

मी नेरुळला गेलो. बाईंनी मला ओळखलं नाही. लायब्ररीतला म्हटल्यावर म्हणाल्या, “अरे हो, तूच तो, पावसाचं सांगितलं होतंस.” दोन भाग सापडले म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला, पाणी मागितलं.

त्यांना टॅक्सीने आणलं. जिना अरुंद होता. भाऊ पुढून आणि मी मागून असं करत त्यांना वर नेलं. वहिनींनी पलंगावर नवी चादर घातली होती.

पहिला भाग सुरू झाला. बाई टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसल्या. एक मोठा प्रसंग होता, त्यात कुणी बोलत नाही, फक्त मशीनचा आवाज. बाई म्हणाल्या, “इथे मला संगीत घालायला सांगत होते. मी घातलं नाही.” त्या हसल्या. वहिनी त्यांच्या पायाशी बसलेल्या. त्या म्हणाल्या, “बरा केलाव. असाच आवाज असतो घरान.” दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो.

भाग संपला. वहिनी चहा करायला उठल्या. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझे उपकार आहेत रे. बाकी कुणी एवढं केलं नसतं.”

मला तिथे गप्प बसता आलं असतं. आजही मला कधीकधी वाटतं, की बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं.

“बाई, टेपा पावसात नाही गेल्या. मी पुसल्या.”

त्यांना आधी नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं. पंधरा टेपांची चिठ्ठी, निवड माझी, व्हरांड्यात त्या मला काय बोलल्या ते, सगळं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “मी असं बोलले होते?”

“हो.”

“मला आठवत नाही.” त्या खरंच आठवायचा प्रयत्न करत होत्या, कपाळाला आठ्या घालून. “चुकलंच असेल माझं. पण मला आठवत नाही.” मग टीव्हीकडे बघत म्हणाल्या, “बाराव्या भागात माझी आई होती. ऐन वेळी शेजारणीचं काम करणारी बाई आली नाही, म्हणून आईला उभी केली होती. चार वाक्यं होती तिला. तिची हलती-बोलती छबी तेवढीच होती.”

वहिनींच्या कॅसेटवर चौथा आणि नववा भाग होता.

मी “बाई” एवढंच म्हणालो. त्यांनी हात वर केला. “मला घरी जायचंय. याने नको यायला.”

दुसरा भाग न बघताच त्या उठल्या. भाऊंनी आणि वहिनींनी त्यांना खाली नेलं. मी त्या खोलीत मांडण्यांमध्ये उभा राहिलो. परत आल्यावर भाऊ मला रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, “पैल्याच दिवशी आमाला सांगायचा व्हता.” मी व्हीसीआर बंद केला आणि निघालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “एवढी वर्षं माझ्याशेजारी बसून तो टीव्ही बघत होतात तुम्ही.” दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं.

मग मी निवृत्तांच्या ग्रुपवर लिहिलं. त्या पंधरा टेपांमध्ये काय काय होतं, बाईंच्या तेरा सोडून उरलेल्या दोन कुठल्या, ते मला आठवेल तसं, आणि पुसणारा मी, हेही. लोक अजून त्या दोन कार्यक्रमांचा शोध घेत असतील तर त्यांनी निदान केंद्रात शोधू नये, असं लिहिलं. एकाने लिहिलं, जुनं कशाला उकरता. एक जुने कॅमेरामन ग्रुप सोडून गेले. त्या दोनपैकी एक कार्यक्रम त्यांचा होता, हे मला नंतर कळलं. मी त्यांना फोन केला. त्यांनी उचलला नाही.

तीन आठवड्यांनी घणसोलीहून भाऊंचा फोन आला. “बाईंचा फोन आलेला. दुसरा भाग बघायचाय. तुमी नको बोलल्यात.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“पन मशीन नेरुलला नेताना काय काय करायचा ते सांगा.”

मी सांगितलं. व्हीसीआर आडवाच धरायचा, नेल्या नेल्या लावायचा नाही, आधी साधी कॅसेट घालून बघायची, चित्र हललं तर डावीकडचं छोटं चाक थोडं फिरवायचं. त्यांनी सगळं दोनदा म्हणून दाखवलं. ज्या माणसाने ही कॅसेट घराबाहेर जाऊ दिली नव्हती, तो ती मांडीवर घेऊन रिक्षाने नेरुळला गेला. वहिनीही गेल्या.

त्या दिवशी मी घरातच होतो. दुपारी दोनला मला वाटलं, आता सुरू झालं असेल. बायकोने विचारलं, “जायचं नाही का कुठे?” मी नाही म्हटलं. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि आम्ही दोघांनी शेंगा सोलल्या.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. चित्र नीट आलं होतं. बाईंनी भाग दोनदा बघितला. कॉपी काढायला हो म्हणाल्या, एक त्यांना, एक वहिनींना. वहिनींना जेवायला थांबवून घेतलं, आणि कुठल्या वर्षी, कुठल्या खोलीत बसून हे भरलं, घरात तेव्हा कोण कोण होतं, ते सगळं विचारत बसल्या.

“माझ्याबद्दल काही बोलल्या?” मी विचारलं.

“नाय,” ते म्हणाले. “मंगलवारी येताव ना? छत्रीवाल्या कॅसेटीला पन बुरशी हाय.”